एसएफ म्हणजे नक्की काय? मैदानावर आणि लग्नाच्या मांडवात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी गावी आलो. सातारा तालुक्यातल्या आमच्या मैदानावर रोज पहाटे भरतीच्या पोरांना पळवतो. पोरं चार फेऱ्या मारतात आणि चाळीस प्रश्न विचारतात. त्यातले तीस तरी 'एसएफ'बद्दलचे, म्हणजे सैन्याच्या स्पेशल फोर्सेसबद्दलचे असतात. पोरांच्या आया वेगळं विचारतात, लग्नात भेटणारे पाहुणे आणखी वेगळं. तेच तेच सांगून जीभ थकली म्हणून एकदाचं लिहून काढलं.

आधीच सांगतो, मी स्वतः एसएफमध्ये नव्हतो. इथे आहे ते सैन्यात राहून जवळून पाहिलेलं, आणि सरकारने किंवा निवृत्त अधिकाऱ्यांनी उघडपणे सांगितलेलं. गुपित शोधायला आला असाल तर चहा घ्या आणि परत जा.

कमांडो, पॅरा आणि एसएफ हे एकच ना?

नाही. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

'पॅरा' म्हणजे पॅराशूट रेजिमेंट. विमानातून छत्रीने उतरणारे सैनिक. आपल्याकडे जुने लोक त्यांना 'छत्रीधारी' म्हणायचे, छान शब्द होता. या रेजिमेंटच्या काही पलटणी नुसत्या पॅरा आहेत, आणि सुमारे दहा पलटणी 'पॅरा स्पेशल फोर्सेस', म्हणजे पॅरा एसएफ. मरून टोपी दोघांच्याही डोक्यावर असते, म्हणून फोटोत फरक कळत नाही. १९८८ मध्ये मालदीवचं सरकार उलथू पाहणाऱ्या भाडोत्री सैनिकांना हुसकायला गेलेली ६ पॅरा ही एसएफ पलटण नव्हती, साधी पॅरा होती. 'साधी' म्हणताना माझीच जीभ अडखळते, पण फरक तो आहे.

'कमांडो' हा शब्द तर आता कुणालाही चिकटतो. बेळगावला कमांडो कोर्स होतो. पायदळाच्या पलटणींतली निवडक पोरं तिथे जातात आणि परत येऊन आपल्या पलटणीच्या 'घातक' प्लाटूनमध्ये, म्हणजे हल्ल्याच्या छोट्या तुकडीत, काम करतात. कोर्स खडतर आहे, त्याबद्दल शंकाच नको. पण तो केलेला माणूस एसएफचा होत नाही. गावात फलक लागतो 'कमांडो अमुक तमुक यांचे हार्दिक स्वागत', तेव्हा बहुतेक वेळा बेळगावचा कोर्स केलेला किंवा कुठल्या तरी मंत्र्याच्या सुरक्षेत असलेला पोरगा असतो. त्यात कमीपणा नाही, फक्त शब्द वेगळा आहे.

२०२५ मध्ये लष्करप्रमुखांनी 'भैरव' नावाच्या हलक्या कमांडो पलटणी उभारत असल्याचं कारगिल विजय दिनाला जाहीर केलं. त्याही एसएफ नव्हेत. पायदळ आणि एसएफ यांच्या मधली जागा भरायला त्या आहेत.

मग एनएसजी, मार्कोस, गरुड, सी-६०?

मार्कोस नौदलाचे कमांडो, १९८७ पासूनचे. गरुड वायुदलाचे, २००४ पासूनचे. एनएसजी म्हणजे नॅशनल सिक्युरिटी गार्ड, काळ्या गणवेशातले, १९८४ मध्ये उभे राहिलेले. ते लष्कराच्या हाताखाली नाहीत, गृहखात्याच्या हाताखाली आहेत, पण त्यांच्या मुख्य हल्ला करणाऱ्या गटात सैन्यातूनच माणसं जातात. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत पहिल्या रात्री ताजमध्ये शिरले ते मार्कोस. एनएसजीला दिल्लीकडून यायला सकाळ झाली. त्या उशिरावरून एवढी टीका झाली की २००९ मध्ये मुंबईसह चार शहरांत एनएसजीची कायमची ठाणी झाली. पाठोपाठ महाराष्ट्र पोलिसांनी 'फोर्स वन' ही आपली तुकडी उभी केली.

गडचिरोलीची सी-६० ही सुद्धा पोलिसांचीच. १९९० मध्ये साठ जवानांनी सुरुवात झाली म्हणून नावात साठ. स्थानिक पोरं, जंगल पाठ असलेली. माझ्या मैदानावरचा एक जण दरवेळी विचारतो, 'सर, सी-६० भारी का एसएफ?' त्याला मी सांगतो, गोंडी येते का तुला? मग गप्प बसतो.

हे सगळं सुरू कधी झालं?

१९६५ च्या युद्धात. मेजर मेघ सिंग नावाच्या, गार्ड्स या पायदळ रेजिमेंटच्या अधिकाऱ्याने वरिष्ठांकडे प्रस्ताव ठेवला की स्वखुशीने येणाऱ्या थोड्या माणसांना घेऊन शत्रूच्या पाठीमागे घुसतो, पूल उडवतो, छापे घालतो. परवानगी मिळाली. तुकडीला नाव पडलं 'मेघदूत फोर्स'. कामगिरी अशी झाली की मेघ सिंग यांना वीरचक्र मिळालं आणि युद्धानंतर ही तुकडी मोडून टाकण्याऐवजी १ जुलै १९६६ ला ग्वाल्हेरला तिच्याच पायावर ९ पॅरा कमांडो पलटण उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिच्यातून १० पॅरा कमांडो निघाली. नववीला डोंगर दिले, दहावीला वाळवंट.

१९७१ ला दोघींनी नाव काढलं. दहावीचे जवान जीप आणि जोंगा गाड्यांतून थरच्या वाळवंटात सीमेपलीकडे खोल शिरले आणि सिंधमधल्या चाचरोवर छापा घातला. नेतृत्व होतं लेफ्टनंट कर्नल भवानी सिंग यांचं, जयपूरच्या राजघराण्यातले. त्यांना महावीरचक्र मिळालं. नववीचं काम मला जास्त आवडतं. पूंछजवळ मंढोल गावात पाकिस्तानच्या १२२ मिलिमीटरच्या सहा तोफा होत्या. १३-१४ डिसेंबरच्या रात्री या पोरांनी पूंछ नदी चालत ओलांडली, तोफांपर्यंत पोचले आणि सहाच्या सहा उडवून परत आले. डिसेंबरातली पूंछची नदी म्हणजे काय हे ज्याने तिकडे ड्यूटी केली आहे त्याला विचारा. पाणी कमरेला लागलं की श्वासच वर चढतो, खाली यायचं नाव घेत नाही. तशा ओल्या कपड्यांत पुढे चालायचं, गोळीबार करायचा, आणि तीच नदी पुन्हा ओलांडायची.

यात मराठी माणसाचा काही संबंध?

लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त.

१९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली ती तीन जुन्या पलटणी एकत्र करून. एक पंजाबची, एक कुमाऊंची आणि एक आपली, तिसरी मराठा. ती झाली २ पॅरा. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला छत्रीने उतरून ढाक्याची वाट मोकळी करणारी पलटण हीच. पुढे ती एसएफ झाली.

दुसरी गोष्ट २१ पॅरा एसएफची. ही पलटण १९९६ मध्ये २१ मराठा लाइट इन्फंट्रीचं रूपांतर करून तयार झाली. ईशान्येकडच्या जंगलातली लढाई हा तिचा हातखंडा, आणि तिचं टोपणनाव 'वाघनखं'. आता सांगा, हे नाव कुणाला सुचलं असेल! जून २०१५ मध्ये मणिपूरच्या चंदेलला बंडखोरांनी दबा धरून आपले अठरा जवान मारले. त्यानंतर पाच दिवसांत म्यानमारच्या सीमेवर जी कारवाई झाली ती याच पलटणीची.

आणि तिसरं नाव आमच्या तालुक्यातलं. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक. साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकले, २१ पॅरा एसएफमध्ये घडले. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना गेले, तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. सीओ साहेब स्वतः पुढे का, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. एसएफमध्ये वाढलेला अधिकारी मागे बसून रेडिओवर ऐकत नाही, एवढंच मी सांगतो. मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी त्यानंतर परीक्षा देऊन, चेन्नईच्या अकादमीत तरुण पोरींच्या बरोबरीने प्रशिक्षण घेऊन सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंटचे स्टार लावले. आमच्याकडे अंत्यसंस्काराला किती गर्दी होती हे लोक सांगत बसतात. मला त्या स्टारांचं जास्त वाटतं.

निवड कशी होते?

पहिली अट, स्वतःहून हात वर करायचा. एसएफमध्ये कुणाला हुकुमाने पाठवत नाहीत. मग 'प्रोबेशन'. साधारण तीन महिन्यांचा काळ, अधिकारी आणि जवान दोघांनाही. हे प्रोबेशन पलटणीतलेच लोक घेतात, कारण उद्या त्यांनाच या माणसाच्या शेजारी झोपायचं असतं.

त्यात काय होतं? पिठ्ठू, म्हणजे वजन भरलेली सॅक, पाठीवर घेऊन चालणं, पळणं, पुन्हा चालणं. झोप तोडणं. उपाशी ठेवणं. थकून माणूस पडायला आला की त्याला नकाशा देऊन विचारणं, सांग आपण कुठे आहोत. किंवा तासापूर्वी टेबलावर कोणत्या वीस वस्तू होत्या त्या सांग. ताकद बघायला एवढं करावं लागत नाही. डोकं कधी बंद पडतं ते बघायचं असतं. आणि तुटल्यावर माणूस कसा वागतो तेही: शिव्या देतो, रडतो, दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी पितो, की स्वतःचं देतो. शेवटाकडे छत्तीस तासांची एक सलग परीक्षा असते, तिच्याबद्दल बरेच निवृत्त लोक बोलले आहेत.

माझ्या अनुभवात पैलवान गडी आधी परततात. दंड फुगलेला, छाती भरलेली, पण तीस किलो घेऊन रात्रभर चालायचं म्हणजे स्वतःचंच वजन नडतं. टिकतात ती मेंढक्याच्या पोरांसारखी: सडपातळ, हट्टी, कमी बोलणारी, काहीही खाऊन कुठेही झोपणारी. डोंगरी शाळेत रोज सहा किलोमीटर चालत गेलेला पोरगा जिमवाल्याला घाम फोडतो.

जो टिकत नाही त्याला 'आरटीयू' करतात, म्हणजे मूळ पलटणीत परत. बहुतेक जण आरटीयूच होतात.

छत्रीचं प्रशिक्षण वेगळं, ते आग्र्याला. पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, तेव्हा छातीवर पंखांचा बिल्ला लागतो. त्यानंतरही शिकणं संपत नाही. पाण्याखालचं काम कोचीला, बर्फातलं गुलमर्गला, जंगलातलं मिझोरामच्या वैरेंगटेला. शिवाय टीममध्ये प्रत्येकाचा एक धंदा असतो: कुणी स्फोटकांचा, कुणी रेडिओचा, कुणी औषधपाण्याचा, कुणी दुर्बिणीच्या बंदुकीचा. आणि दुसऱ्याचाही थोडा यावा लागतो. तो पडला तर त्याचं काम कोण करणार?

काच चावून खातात हे खरं का?

प्रोबेशन पार झाल्यावर रमचा ग्लास रिकामा करून त्याची कड दातांनी तोडायची, असा रिवाज काही निवृत्त अधिकाऱ्यांनी मुलाखतींत सांगितला आहे. तेव्हापासून माझ्या मैदानावरच्या तीन पोरांनी हा प्रकार करून बघायचं ठरवलं होतं. एकाने केलाही. ग्रामीण रुग्णालयात टाके पडले. एसएफमध्ये काच चावतात म्हणून माणूस एसएफचा होत नाही बाळांनो, क्रम उलटा आहे.

बलिदान बॅज म्हणजे काय? धोनीच्या ग्लोव्हजवर होता तोच का?

तोच. खाली टोक केलेला खंजीर, पात्यापासून वर गेलेले पंख आणि खाली देवनागरीत 'बलिदान'. चंदेरी असतो, छातीच्या खिशावर लावतात. हा फक्त एसएफच्या माणसाला, सगळ्या पॅराला नाही.

२०१९ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या सामन्यात महेंद्रसिंग धोनीच्या ग्लोव्हजवर तो दिसला आणि आयसीसीने काढायला सांगितला. धोनी पॅराशूट रेजिमेंटच्या प्रादेशिक सेनेच्या पलटणीत मानद लेफ्टनंट कर्नल. २०१५ मध्ये आग्र्याला जाऊन साडेबाराशे फुटांवरून उड्या मारून पंख कमावले, ते मानायलाच हवं. पण त्या बॅजवरून सैन्यातल्या लोकांमध्येही दोन तट होते. माझं मत विचारलं तर पंख त्याचे, खंजीर दुसऱ्यांचा.

हा बॅज आता ऑनलाइन दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो. मोटारसायकलच्या टाकीवर, मोबाइलच्या कव्हरवर, नवरदेवाच्या फेट्यावरसुद्धा बघितला आहे. स्टिकर लावा, कोण अडवतं? पण गणवेश आणि बॅज घालून आपण सैनिक असल्याचं भासवणं हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

एवढी गुप्तता कशासाठी? घरच्यांनाही सांगत नाहीत म्हणे.

चित्रपटात दाखवतात तसं काही नसतं. घरच्यांना पलटण माहीत असते, साधारण भाग माहीत असतो, पत्ता असतो. माहीत नसतं ते एवढंच: आज कुठे, उद्या कुठे, परवा फोन का लागला नाही.

कारण सरळ आहे. पाच-सहा माणसं डोंगरात बसलेली असतात. त्यांच्याकडे ना तोफा, ना गाड्या. शत्रूला आपला पत्ता नसणं हीच त्यांची ढाल. मेंढपाळाच्या पोराने जरी पाहिलं तरी काम संपलं, कधीकधी माणसंही संपली. बाकी पलटण संख्येच्या जोरावर लढते, ही पोरं न दिसण्याच्या जोरावर. म्हणून बायकोने मैत्रिणीला सहज टाकलेला 'हे दोन दिवस झाले निघालेत' हा मेसेजसुद्धा महाग पडू शकतो. जुलै २०२० मध्ये सैन्याने सगळ्याच जवानांना ८९ ॲप फोनमधून काढायला लावली, त्यात फेसबुक, इन्स्टाग्राम दोन्ही होती. पोरं कुरकुरली. पण सुंदर मुलीच्या नावाने येणाऱ्या फ्रेंड रिक्वेस्टमागे कोण बसलेलं असतं हे युनिटमध्ये इतक्या वेळा सांगितलेलं असतं की पाठ होतं.

गुप्ततेचा त्रास घरात जास्त होतो. एसएफवाल्याची बायको चिडते ती तो काय करतो हे कळत नाही म्हणून नाही. सुट्टी कधी ते कळत नाही म्हणून. डोहाळजेवण ठरवायचं, वास्तुशांत ठरवायची, आणि तारखेच्या आदल्या दिवशी फोन बंद. आमच्याकडे एका घरात जावळाचा कार्यक्रम बापाविना उरकला. पोरगं आता दुसरीत आहे, अल्बममध्ये बाप कुठे म्हणून विचारतं.

मग आपल्याला एवढं कळतं तरी कसं?

तीन वाटांनी. सरकारला सांगावंसं वाटलं तर, पदक जाहीर झालं तर, नाहीतर तिरंग्यातली पेटी गावात आली तर.

उरीच्या हल्ल्यानंतर २९ सप्टेंबर २०१६ ला लष्कराच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी मोहिमांच्या प्रमुखांनी, पत्रकार परिषद घेऊन नियंत्रण रेषेपलीकडे सर्जिकल स्ट्राइक केल्याचं सांगितलं. कोणत्या पलटणी गेल्या होत्या हे तेव्हा उघड केलं नव्हतं. पुढे जानेवारी २०१७ ची पदकं आली, ४ आणि ९ पॅरा एसएफची. मेजर रोहित सुरी यांना कीर्तिचक्र मिळालं. पदकाबरोबरचा मजकूर छापला जातो, तो वाचायला शिका. कोरडी, सरकारी भाषा असते: 'जखमी अवस्थेतही स्थान सोडले नाही', 'सहकाऱ्याला सुरक्षित स्थळी हलवले'. त्या एकेका ओळीत एकेक रात्र असते. यूट्यूबवरच्या आरडाओरड्यापेक्षा त्यात जास्त कळतं.

प्रत्यक्ष काम कसं असतं? रोज चकमक?

रोज वाट बघणं.

मी पाहिलेलं सांगतो. कुपवाड्याच्या बाजूला आमची पोस्ट होती. एका संध्याकाळी सात-आठ जणांची टीम आली. दाढ्या वाढलेल्या, सामान स्वतःचं, कुणाशी फारसं बोलणं नाही. लंगरमध्ये आमच्याबरोबर डाळ-रोटी खाल्ली, ताटं स्वतः धुतली. मला वाटलं होतं हत्यारांबद्दल, मोहिमांबद्दल काही ऐकायला मिळेल. एकाने मला हळूच विचारलं, 'उस्ताद, सुके मोजे आहेत का दोन जोड?' मी माझे नवे लोकरीचे दिले. रात्री दोनच्या सुमाराला ती माणसं निघून गेली, आमच्या संतरीशिवाय कुणाला पत्ता नाही.

सहाव्या दिवशी पहाटे परत आले. बंदुकीचा आवाज आम्ही एकदाही ऐकला नव्हता. सहा दिवस एका नाल्यावर नजर ठेवून बसले होते, ज्याच्यासाठी बसले तो आलाच नाही. मोजे मागितलेल्या पोराने बूट काढले तेव्हा तळपाय पांढरे, सुरकुतलेले, धुण्यात दिवसभर हात घातलेल्या बाईच्या बोटांसारखे. टाचेची कातडी मोज्याबरोबर निघाली. त्याने ती नखाने सरळ केली, वर पावडर टाकली आणि झोपला. माझे मोजे काही परत आले नाहीत.

पहलगामच्या हल्ल्यात, २२ एप्रिल २०२५ ला, २६ माणसं गेली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली, डोंबिवली, पुणे, पनवेलची. मारेकरी २८ जुलैला श्रीनगरजवळ दाचीगामच्या जंगलात 'ऑपरेशन महादेव'मध्ये मारले गेले, पॅरा एसएफच्या हातून. बातमीत शेवटची काही मिनिटं आली. मधले तीन महिने गुप्तचर, पोलीस, सीआरपीएफ आणि ही पोरं डोंगर तुडवत होती, रेडिओचे सिग्नल पकडत होती, ते वाचायला कुणाला वेळ आहे?

ते कधी हरत नाहीत ना?

हरतात. हे सांगितलं की पोरांना आवडत नाही.

११-१२ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेत जाफना विद्यापीठावर १० पॅरा कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीचे जवान हेलिकॉप्टरने उतरवले. 'तमिळ वाघ', म्हणजे एलटीटीई या बंडखोर संघटनेचा म्होरक्या तिथे असल्याची खबर होती. पण एलटीटीईने आपले रेडिओ आधीच ऐकले होते, ते मशीनगन लावून वाट बघत होते. शिखांची तीस जणांची तुकडी उतरली, त्यातले एकोणतीस गेले, एक कैदी झाला. बाकीची हेलिकॉप्टरं उतरूच शकली नाहीत. कमांडोंनी जवळच्या घरांचा आसरा घेऊन रात्रभर झुंज दिली, त्यांचेही सहा जण गेले, आणि शेवटी रेल्वेच्या रुळांवरून रणगाडे नेऊन त्यांना बाहेर काढावं लागलं. जगातला उत्तम सैनिक कच्च्या खबरीवर आणि उघड्या रेडिओवर टाकला तर असंच होतं. दोष पोरांचा नव्हता.

आणि कधी काम फत्ते होऊनही कुणी परत येत नाही. एप्रिल २०२० मध्ये, आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात होतो तेव्हा, केरन सेक्टरमध्ये ४ पॅरा एसएफचे जवान बर्फात घुसखोरांच्या मागावर होते. पायाखालचा बर्फाचा कडा तुटला आणि ते थेट नाल्यात, अतिरेक्यांच्या पुढ्यात पडले. हाताच्या अंतरावर लढाई झाली. पाचही अतिरेकी मेले, आपलेही सुभेदार संजीव कुमार यांच्यासह पाच जण गेले.

त्यांच्याकडे कोणती हत्यारं असतात?

इस्रायली टॅव्हर, अमेरिकी एम-४ वगैरे. नावं पाठ करून उपयोग नाही. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना बंदुकांची नावं येतात आणि दीड किलोमीटर पळता येत नाही.

गनिमी कावा म्हणजेच आजचं एसएफ का?

व्याख्यानात असं बोललं की टाळ्या पडतात. पण गनिमी कावा ही महाराजांच्या अख्ख्या फौजेची लढायची रीत होती. रसद तोडायची, दमवायचं, समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही. एसएफ म्हणजे मोठ्या सैन्यातली छोटी तुकडी, एका कामासाठी पाठवलेली.

जवळचं उदाहरण हवं असेल तर एप्रिल १६६३ मधला लाल महाल घ्या. मोजकी माणसं, रमजानचे दिवस, रात्रीची वेळ, घराचा कोपरान्‌कोपरा माहीत, लक्ष्य एकच आणि परतीची वाट आधी ठरलेली. शाइस्ताखानाची नुसती बोटं गेली, पण त्याने पुणं सोडलं. आजच्या अधिकाऱ्यांना ही मोहीम समजावून सांगायला अर्धा तास पुरेल.

मुलींना एसएफमध्ये जाता येतं का?

लष्कराच्या पॅरा एसएफमध्ये लढणाऱ्या जवान म्हणून अजून नाही. नौदलाने २०२२ च्या अखेरीस मार्कोसची वाट महिलांना खुली केल्याच्या बातम्या आल्या, निकष तेच ठेवून. खडकवासल्याच्या एनडीएतून मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. माझ्या मैदानावर दोन मुली आहेत, त्यातली एक सोळाशे मीटरमध्ये निम्म्या पोरांना मागे टाकते. तिला मी 'अजून नाही' असंच सांगतो, 'नाही' असं सांगत नाही.

पगार किती जास्त मिळतो?

एसएफचा वेगळा भत्ता असतो, दरमहा हजारांत. पैशासाठी जाणार असाल तर जाऊ नका, त्याच कष्टात दूधधंदा बरा चालेल.

थेट एसएफमध्ये भरती होता येतं का? एक अकादमी 'हमखास एसएफ' म्हणते आहे.

बाहेरच्या उमेदवारासाठी थेट एसएफची भरती नसते. जवान म्हणून जायचं तर आता अग्निवीर म्हणून भरती, अधिकारी व्हायचं तर एनडीए, सीडीएस वगैरे परीक्षा. मग पॅराशूट रेजिमेंट, बंगळूरचं प्रशिक्षण केंद्र, आणि मग प्रोबेशन. दुसऱ्या रेजिमेंटमधूनही हात वर करता येतो. वयाच्या आणि शिक्षणाच्या अटी बदलत राहतात, त्या सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा.

'हमखास' म्हणणाऱ्यांना एकच विचारा: पैसे परत देणार का? माझ्या ओळखीच्या एका बापाने ऐंशी हजार भरले. पोराला मिळालं काय, तर ठिपक्यांचा टी-शर्ट, काळा चष्मा लावलेला फोटो आणि चिखलात लोळतानाचा व्हिडिओ. पोराचे दात किडलेले आणि कानात मळाचा गोळा, मेडिकलला तिथेच बाहेर. ते आधी बघायला दोनशे रुपये लागले असते.

गावातला एक जण सांगतो, मी एसएफमध्ये होतो. खरं कसं ओळखायचं?

कशाला ओळखायचं? चारचौघांत हातवारे करून किती मारले ते सांगत असेल तर ऐकून घ्या आणि चहाचे पैसे त्याला देऊ द्या.

पोरगा प्रोबेशनमधून परत आला. आता तोंड कसं दाखवायचं?

हा प्रश्न एका वडिलांनी मला रात्री अकराला फोन करून विचारला होता. तोंड कुणाचं, असं मी उलट विचारलं.

माझ्याच पलटणीतला माझा बडी, म्हणजे जोडीदार, पॅराला गेला होता. बाविसाव्या दिवशी आरटीयू होऊन आला. कारण? घोटा सुजला होता, तरी तीन दिवस लपवला, चौथ्या दिवशी बूट चढेना. आमच्या बराकीत आला तेव्हा पोरं थट्टा करायला टपलेली. सुभेदार साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, त्याला खाटेवर बसवलं आणि स्वतः त्याच्या बुटाच्या नाड्या सोडल्या. पुढे तोच आमच्या घातक प्लाटूनचा सेक्शन कमांडर झाला. त्याच्याबरोबर गस्तीला जायला आम्ही भांडायचो.

तेव्हा त्या वडिलांना मी सांगितलं ते इथेही लिहितो. पोरगा सुट्टीवर दारात आला की 'का परत आलास' हे विचारायचं नाही. पाणी द्या, बसवा, बूट काढायला लावा आणि आधी पाय बघा. टाचेला जखम असेल तर डॉक्टरकडे न्या, आणि निदान आठवडाभर त्याला शेतात चपलेशिवाय जाऊ देऊ नका.